होता तसाच

या, जरा जवळ सरकून बसा. बुवा अजून फेटा बांधताहेत, पखवाजाला कणीक लागायची आहे. तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. लहानशीच आहे.

"मोडला ओ हात, आप्पा. माझ्याच हातनं मोडला."

सारजाबाईंनी मांडीवरचं गाठोडं सोडलं आणि पदर तोंडाला लावला. कळंबच्या मोंढ्यामागं महांतप्पाचं मूर्तिकामाचं दुकान, तिथं त्या बसल्या होत्या. महांतप्पानं उठून पंखा बंद केला. गणपतीचा हंगाम कधीच सरला होता, पण त्याच्या खांद्यातला शीण काही उतरला नव्हता.

गाठोड्यात कॉमिकमधला एक वीर होता. हिरवं चिलखत, पाठीवर पितळी पंख, झेप घ्यायच्या बेतात. कंपनीनं असे मोजकेच पुतळे काढलेले, याचा क्रमांक पायाखालच्या चौथऱ्यावर कोरलेला. उजवा हात कोपरातून निघालेला, वेगळ्या फडक्यात. आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

"देव्हाऱ्यात ठेवते मी याला," सारजाबाई म्हणाल्या. "लेक म्हणला होता, आई, जपून ठेव. आता देवापरीस जपून कुठं ठेवणार? सकाळी देवांना आंघोळ घातली, म्हणलं यानंच काय पाप केलंय. हाताला धरून उचलला, अन् हात राहिला माझ्या हातात."

"याला पण आंघोळ?" त्यांना घेऊन आलेला ऑटोवाला दारातून हसला. "बरंय बाबा याचं. आम्हाला कुणी पाणी तापवून देत न्हाय."

"तू गप रे. शेजारीण म्हणती, खंडित झाली, सोडून द्या पाण्यात. सोडते कशी? रणधीरनं पहिल्या पगारात घेतलाय. शनिवारी यायलाय माझा रणधीर पुण्याहून. हात बघितला तर काय म्हणंल?"

"वरडंल?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"वरडला तर बरं. तो गप बसतो. त्याचंच भ्या वाटतंय मला."

ऑटोवाला चौकटीला टेकून उभा होता. जाडजूड गडी, गालभर दाढी, खाकी सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली. कारखाना सुरू झालेला, त्यामुळं ढोकीपासून उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत आलेला. डोळ्यांत झोप मावत नव्हती, तरी जीभ काही थांबत नव्हती.

"मी काय म्हणतो मावशी, नुसता हात कशाला? नवा अवतारच करून टाका. दाढी लावा, पोट सोडा, वर खाकी सदरा. हल्ली लोक बदलूनच घेतात पुतळे. व्हय का न्हाय, आप्पा?"

"तुझ्यासारखं ध्यान करायचंय का त्याचं?" सारजाबाई म्हणाल्या.

"घेतात लोक बदलून," महांतप्पा सावकाश म्हणाला. "तलवारीच्या जागी त्रिशूळ, वीराच्या धडावर स्वतःचं तोंड. मीच करून देतो. पण मग खालचा क्रमांक नावापुरता. वर दुसराच कुणीतरी उभा असतो."

"दुसरा कसा? आत तर तोच असतोय न्हवं?"

महांतप्पानं फडक्यातला हात उचलून उजेडात धरला.

"मला बदललेला नको," सारजाबाई म्हणाल्या. "होता तसाच पायजे. बदलल्यावर वळखायचा कसा?"

ऑटोवाला रस्त्याकडं बघत राहिला.

चहावाला आला, न विचारता एक बिनसाखरेचा कप सारजाबाईंपुढं ठेवून गेला. त्यांनी घोट घेतला. "बिनसाखरेचाच लागतो मला. कसं वळखलं ओ त्यानं?"

"हुशार आहे पोरगा," महांतप्पा म्हणाला.

त्यानं ओल्या कापसानं कुंकू पुसलं. खाली तांबूस डाग राहिला होता. शेजारीच कालवून ठेवलेल्या रंगाच्या डबीत त्यानं कुंचला बुडवला आणि डाग झाकला. मग कोपरावर फुंकर मारली, हात जवळ नेला. टक् असा आवाज झाला आणि हात जागेवर बसला.

"एवढ्यात? वाळायचं न्हाय का?"

"नव्या तऱ्हेचं काम आहे, अक्का."

सारजाबाईंचा चेहरा उजळला. महांतप्पाच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग ऑटोवाल्याकडं वळल्या. "तुला आई हाय का रे?"

"हाय की."

"भेटतोस का तिला?"

"रोज भेटतो."

"गुणी हायस. दिसत न्हाईस तसा."

ऑटोवाल्यानं वाकून त्यांच्या पायात चप्पल सरकवली, पुतळा छातीशी धरून त्यांना ऑटोत बसवलं. राहिलेलं फडकं न्यायला तो परत आत आला.

"आप्पा, कोपरातला चुंबक ढिला झालाय. मागच्या आठवड्यात हात दोनदा निघाला."

"घट्ट बसवला तर धरून उचलताना सगळा पुतळाच फुटंल. हात सुटतो म्हणून बाकीचा वाचतोय." महांतप्पानं डोळे चोळले. "याच्या मूळ कामात तेवढा एकच बदल केलाय मी. राहू दे."

"राहू द्या. आणतोच परत."

बाहेरून हाक आली. "ए ऑटोवाल्या, चल की! लेक येऊन दारात ताटकळायचा माझा."

"आलो, मावशी."

चला, पखवाज लागला, बुवा उभे राहिले. उठायच्या आधी एकच मागणं आहे माझं. देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या ऑटोवाल्याची आठवण ठेवा. त्याचं नाव रणधीर.