मोबाइल धरणारी बबिता

"बबिता, मोबाइल हलवू नको गं," उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. बबितानं श्वास रोखला. समोर सुरभी पुस्तक धरून उभी राहिली, गोड हसली आणि मुंगीचा धडा घडाघडा वाचायला लागली. सकाळपासून हेच चाललं होतं. कधी बाहेर कोंबडा आरवायचा, कधी सुरभी हसायचं विसरायची, की पुन्हा पहिल्यापासून.

पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरची ही शाळा. चौथीच्या वर्गाच्या वाचनाचा व्हिडिओ मॅडम रोज इंटरनेटवर टाकायच्या. हेतू चांगला होता. तांड्यातले निम्मे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात, लेकरं आजीजवळ राहतात. तिकडं फडात बसून त्यांना आपलं लेकरू वाचताना दिसावं, म्हणून मॅडमनी हे सुरू केलं. पण पाहणारे वाढले. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले शिक्षक वाहवा करू लागले. शिक्षण खात्याच्या साहेबांनी भर बैठकीत 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणून नाव घेतलं. कौतुकाची चटक फार वाईट. अडखळणारं लेकरू पाहून कोण वाहवा करतं? हळूहळू व्हिडिओत तीच ती चार हुशार पोरं दिसू लागली.

बबिता अडखळायची. मध्येच थांबायची, घरची गोरबोली वाक्यात घुसायची. एकदा तिच्यापायी अख्खी सकाळ गेली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुझा हात बघ किती स्थिर आहे! उद्यापासून मोबाइल तूच धरत जा." वर्गाला तो मान वाटला. मॅडमना मात्र आपण काय केलं ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून बबितानं वर्गात एक ओळ वाचली नव्हती.

सुरभीचा धडा संपला आणि मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता, नंबर अनोळखी. बबितानं पडदा मॅडमकडे फिरवला आणि मॅडमनी त्यावर बोट टेकवलं. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई दिसली. मागे तोडलेल्या उसाचा ढीग होता.

"मॅडम, मी नंदाबाई. बबिताची माय. मुकादमाच्या फोनवरून बोलून राह्यलो."

"बोला ना, नंदाताई! बघता ना आमचे व्हिडिओ?" मॅडम खुलल्या. वर्गाकडे पाहून त्यांनी पोरांना हात हलवायला लावले.

"रोज पाह्यतो. दुसऱ्याची लेकरं दिसतात. माही बबिताच काहून दिसत नाही? शाळेत येते का नाही?"

मोबाइल पहिल्यांदाच हलला.

"येते, येते. रोज येते."

"मंग दिसत काहून नाही? माही सासू, धनीबाई, म्हातारी झाली. तिच्यानं काय लक्ष राह्यते? पोरगी उंडारत असन तं सांगून द्या मॅडम. उद्या तांड्यातून एक गाडी इकडं येऊन राह्यली, तिच्यात बसवाले सांगतो. इथं लहान्याले तरी सांभाळन."

मॅडमनी मोबाइलमागं उभ्या बबिताकडे पाहिलं. तुमची पोर इथंच आहे, हा फोनसुद्धा तिनंच धरलाय, हे सांगता आलं असतं. पण का धरलाय, ते कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं नाही तर पोरगी उद्या फडावर जाणार. भर वर्गात त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बबितानं मोबाइल सुरभीच्या हातात दिला. शेजारच्या दप्तरातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि समोर येऊन उभी राहिली. मायलेकी घरी गोरबोलीत बोलायच्या. आज बबिता मॅडमनाही कळेल अशा मराठीत बोलली.

"याडी, मी इथंच आहो. मॅडम तं रोज उभं राह्य म्हणते. मीच लाजतो."

"अवं, मायले पाह्याले भेटत नाही अन् तू कायले लाजतं? वाच आता. मी आयकतो."

बबितानं पुस्तक उघडलं. "नमस्कार. मी बबिता. आज मी मुंगीचा धडा वाचणार आहे." एकदाही अडखळली नाही. सुरभी थांबते तिथं थांबली, मॅडमनी सुरभीला हसायला सांगितलं होतं तिथं हसली. मुंगीनं जड दाणा उचलला, पडली, पुन्हा उठली, वारुळापर्यंत गेली. तिकडं नंदाबाई फडक्याच्या टोकानं डोळे पुसत होती.

"मॅडम, आम्ही दोघंबी अंगठेबहाद्दर. तुम्ही माह्या लेकीले वाचाले शिकवलं. लय उपकार झाले. राहू द्या तिले तिथंच."

मॅडम बबिताच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. पोरीच्या हातात गणिताचं पुस्तक होतं. उघड्या पानावर नुसते गुणाकार होते. मागून पोरांनाही ते दिसत होतं, पण एकही पोर हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, जणू चूक त्यांचीच होती.

"हो, ताई," मॅडम म्हणाल्या. आजवर कौतुक त्यांनी पुष्कळ पचवलं होतं. आजचं घशाखाली उतरेना.

फोन बंद झाला. सुरभीनं तो नेहमीसारखा बबितापुढं धरला. बबितानं घेतला नाही. पुस्तक मिटून ती मॅडमजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"मॅडम, याडी होळीले घरी येते. तवापर्यंत मले वाचाले शिकवा ना."