बाईंची पहिली चूक

डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत बाईंचा दरारा असा, की त्यांच्या टेबलाजवळ शिंकायची कुणाची छाती नव्हती. तपासणाऱ्याचीच थुंकी नमुन्यात मिसळली तर कळावं, म्हणून तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याचा डीएनए नोंदवून ठेवलेला असे. एकोणीस वर्षांत बाईंचा एकदाही कशात सापडला नव्हता.

आज संगणकाने बाईंचं नाव दाखवलं. अत्याचार झालेल्या एका मुलीच्या कपड्यावरच्या डागात.

"काय हे बाई! जगाला शहाणपण शिकवता आणि स्वतःचा मास्क नाकाखाली?" साहेबांनी अहवाल टेबलावर आपटला. "होता नव्हता तो डाग तपासणीत संपला. आता त्या पोरीला काय तोंड दाखवायचं?"

बाईंनी अहवाल वाचला. त्यांची शिंक पडली असती, तर त्यांचा डीएनए पुरता जुळला असता. हा पुरुषाचा होता आणि प्रत्येक ठिकाणी बरोब्बर निम्मा जुळत होता. असा निम्मा जुळतो तो पोटच्या पोराचा. बाईंना मुलगा एकच.

त्यांनी चष्मा पुसून अहवाल पुन्हा वाचला.



"चुकलंच माझं, साहेब. मीच शिंकले. नमुना बाद करा."