एल्मरचा नकार

"म्हातारबा, आता नातवंडं सांभाळा!" बेसबॉलच्या मैदानात पाठीमागून कुणीतरी ओरडलं. एल्मरने टोपी सारखी केली. चाळिशीला टेकलेल्या या चेंडू फेकणाऱ्या पिचरचा खांदा सकाळपासून ठणकत होता, पण ताठा तोच होता. समोरचा दांडगा बॅटर दोनदा हुकला होता. आणखी एकदा हुकला की सामना खिशात.

बॅटरच्या पाठीमागे उकिडवा बसलेला एल्मरच्याच संघाचा कॅचर, बॅटरला न दिसणाऱ्या बोटांच्या खुणेने, कोणता चेंडू टाकायचा ते सुचवायचा. त्याने संथ चेंडू सुचवला की एल्मर मान हलवून नकार द्यायचा आणि तोफगोळा सोडायचा. उभी कारकीर्द अशीच गेली होती. मान हलली की रेडिओवरचा निवेदकसुद्धा तोफगोळा आधीच जाहीर करून टाकायचा.

एल्मरने ठसक्यात मान हलवली. बॅटर गालात हसला आणि पाय रोवून उभा राहिला.

चेंडू आला तो रमतगमत. तो पोचण्याआधीच बॅट गरकन फिरली आणि तोल जाऊन गडी गुडघ्यावर आला.

कॅचर मुखवटा काढत धावत आला. "अरे, नकार कशाला दिलास? मी अजून काही सुचवलंच नव्हतं!"

"मला ठाऊक आहे," एल्मर म्हणाला. "पण त्याला कुठे ठाऊक होतं?"