हिरवी फांदी

छबुबाई वस्तीवर आली तेव्हा तुळजाबाई रस्त्याकडं तोंड करूनच बसली होती. ती सकाळपासूनच तशी बसून होती. पण छबुबाई दिसताच ती गडबडीनं उठली आणि कामात असल्यासारखा झाडू हातात धरला.

वस्तीतल्या बाकीच्या दारांना कुलपं होती आणि कुलपांपुढं बाभळीच्या काट्या लावलेल्या. दिवाळी झाली तशी सगळी ऊसतोडीला कारखान्यांवर गेली होती. तुळजाबाईचा लेक, सून, नातवंडंसुद्धा. मागं राहिली ती आणि एक शेळी.

"हायेस का मावशे?"

"न्हाई तर कुठं जाती? बस की."

"बसाया येळ न्हाई. झाड बघते आन् निघते."

पावसाळ्याच्या तोंडाला बचत गटानं बायांना पेरूची रोपं फुकट वाटली होती. रोप जगलं का ते बघायला गटाची छबुबाई महिन्याच्या ठरल्या दिवशी एक फेरी मारायची, मोबाईलवर फोटो काढायची. पावसानं दगा दिला, प्यायला टँकर आला, आणि तिची फेरी आखूड होत गेली. जिथं रोप वाळलं तिथं परत जायचं कारण उरत नव्हतं.

"शिरूरच्या वाटंवरची समदी रोपं गेली," छबुबाई चपलेतली माती झटकत म्हणाली. "तुझंच तेवढं टवटवीत. बैठकीत मी तुझंच नाव घेते. म्हनलं, म्हातारीकडून शिका."

तुळजाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. तिला लई बोलायचं होतं. शेळी गाभण होती. लेकाचा फोन लागत नव्हता. मागल्या आठवड्यात पडवीत साप निघाला होता, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून ती पार रस्त्यापर्यंत जाऊन परत आली होती. हे सगळं तिनं मनात नीट लावून ठेवलं होतं. आता ऐकणारं माणूस समोर उभं होतं आणि तोंडातून शब्द फुटेना.

दोघी न्हाणीच्या मागं गेल्या. तिथल्या भेगाळल्या मातीत हाताएवढं हिरवंगार झाड उभं होतं.

"हात लाव झाडाला. हां, अशी. जरा हास की."

तुळजाबाईनं हात लावला. तेवढ्यानंच झाड आडवं झालं. त्याला मुळं नव्हती. बुडाशी विळ्याचा तिरपा काप होता, अजून ओला.

छबुबाईनं मोबाईल खाली घेतला. ती त्या कापाकडं बघत राहिली.

"कुठली हाय ही फांदी?"

"वैजिनाथ वाण्याच्या विहिरीवरच्या पेरूची. पहाटं आनली."

"आन् गटाचं रोप?"

"ते संक्रांतीच्या आधीच वाळलं."

"मंजी मागल्या खेपेलाबी..."

"तवाबी."

छबुबाईला राग आला होता. भर बैठकीत तिनं या झाडाचे गोडवे गायले होते. "कावून केलंस असं, मावशे? फुकटचं रोप. मेलं तर मेलं. तुला कुनी काय बोललं असतं का?"

"न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "कुनी काय बोललंच नसतं."

शेळी एकदा ओरडली. त्यानंतर वस्तीत कसलाच आवाज उरला नाही. छबुबाईनं ती शांतता ऐकली. मग ती खाली वाकली, फांदी उचलली, परत मातीत खोवली आणि टाचेनं बुडाशी माती दाबली. पदरानं हात पुसले. मोबाईल पिशवीत टाकला.

"आज फोटू जमायचा न्हाई," ती म्हणाली. "उजेड कमी हाय. परवा परत यावं लागंल."

तुळजाबाईनं वर बघितलं. चैताचं ऊन माथ्यावर आलं होतं. एवढं, की तिच्या डोळ्यांत मावेना.