गेटवेवरची मोजणी

कंपनीच्या कंटेनर प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सर्व्हरवर, सॉफ्टवेअरच्या सतरा सेवा चालत होत्या आणि प्रत्येकीचं दार थेट बाहेर उघडत होतं, म्हणजे दारंही सतराच. नव्या इंजिनिअर मुलीला ती सगळी बंद करून सगळ्यांसाठी एकच सामाईक दार, म्हणजे गेटवे, बसवायचा होता. साहेबांनी जाता जाता सांगितलं, "ये-जा मोजून ठेव. दिवसाला शंभरपेक्षा कमी विनंत्या येणारी सेवा बंद, आणि ती सांभाळणाऱ्याला घरी बसवायचं."

त्यांतली एक सेवा सांभाळणाऱ्यांना सगळं ऑफिस काका म्हणायचं. नऊ वर्षं ते सुट्टीतही लॅपटॉप उशाशी घेऊन झोपत आले होते.

"माझ्या सेवेचं जरा जपून कर गं," काका म्हणाले. "मिनिटभर जरी बंद पडली, तरी लोक माझ्या जिवावर उठतील."

"एवढी वर्दळ असते?"

"उसंत नसते तिला! विनंती आली की स्क्रीनवरचा हा हिरवा दिवा मिनिटामिनिटाला लुकलुकतो, तो काय उगाच?"

गेटवे बसला. चोवीस तासांनी तिने मोजणी उघडली. काकांच्या सेवेला १४४० विनंत्या आल्या होत्या आणि सगळ्या काकांच्याच कॉम्प्युटरवरून. सेवा चालू आहे ना, हे दर मिनिटाला विचारणारी तपासणी त्यांनीच कधीतरी लावली होती आणि ते विसरून गेले होते.

"पडली नाही ना गं कुठे?" काकांनी विचारलं.

"एक मिनिटही नाही, काका."

"बघ! लोकांना कळलंसुद्धा नाही."

साहेबांच्या तक्त्यात दोनच रकाने होते, सेवेचं नाव आणि विनंत्यांची संख्या. काकांच्या सेवेपुढे तिने १४४० लिहिलं.