पाचवा ड्रम

“एक गोणी कमी भरते,” मावशी म्हणाल्या.

ड्रायव्हरनं मिक्सरचं इंजिन मंद केलं. दोन खोल्यांचा स्लॅब निम्म्याहून जास्त ओतून झाला होता. चार चाकांवरचं ते मिक्सर त्याच्या स्वतःच्या मालकीचं. डांबरी रस्ता संपला तरी ते शेताच्या बांधावरून थेट घराच्या दारात जाऊन उभं राहायचं. एका ड्रमला दोन गोण्या सिमेंट, हा त्याचा नेम. गोणी तो स्वतः फाडायचा आणि स्वतः ओतायचा. मावशी सकाळपासून रिकाम्या गोण्या झटकत होत्या, घडी घालून दगडाखाली ठेवत होत्या. सात ड्रम झाले होते. दगडाखाली तेरा गोण्या होत्या.

“वाऱ्यानं गेली असेल एखादी,” तो म्हणाला.

मावशींचा चेहरा उतरला. म्हाताऱ्या माणसाला कशाचाही घोर लागतो, असं मनाशी म्हणत तो सिमेंटकडे वळला. सकाळी वीस गोण्या उतरवल्या होत्या. सात ड्रम म्हणजे चौदा. ताडपत्रीखाली सहा उरायला हव्या होत्या. सात होत्या. त्यानं पुन्हा मोजल्या. सातच भरल्या.

मग त्याला पाचवा ड्रम आठवला. एक गोणी ओतली होती आणि बायकोचा फोन आला होता. बोलून झाल्यावर दुसरीही ओतलीच आहे असं धरून त्यानं पाणी सोडलं. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो माल कुठे पडला तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. आतल्या खोलीचा कोपरा. सकाळी तिथंच उभं राहून मावशींनी हातानं जागा आखून दाखवली होती. “इथं नातीची खाट. नऊ वर्षांची आहे, पण खिडकीशीच झोपणार म्हणते.”

मिस्त्री पाणी प्यायला खाली उतरला, तेव्हा ड्रायव्हरनं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

“हळू बोल,” मिस्त्री म्हणाला. “पुढच्या ड्रमला तीन टाक. गोण्या जुळल्या की विषय संपला.”

“आणि कोपरा?”

“कोपऱ्याला काय धाड भरलीय? खाली सळई आहे. उगाच हात दाखवून अवलक्षण करू नको. लोक आधीच म्हणतात, माणसानं कालवलेला माल डोळ्यांना दिसतो, ड्रमच्या पोटात काय गेलं ते कोण बघतंय? आज तू बोललास, तर उद्या तुझं यंत्र कोणी दारात उभं करणार नाही.”

मिस्त्रीचं खोटं नव्हतं. यंत्राचा माल चांगला असतो हे पटवायला ड्रायव्हरनं सुरुवातीची दोन वर्षं उंबरे झिजवले होते. एका वाक्यात सगळ्यावर पाणी पडलं असतं. शिवाय त्याला काही करायचंही नव्हतं. नुसता वेळ काढायचा होता. आणखी अर्ध्या तासात कोपरा घट्ट धरला असता, मग तोंड उघडूनही उपयोग नव्हता.

त्यानं गोणी खांद्यावर घेतली. दोन ओतल्या. तिसरी आणायला वळला तेव्हा मावशी दगडापाशी उभ्या होत्या. त्या गोण्यांकडे बघत नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं इंजिन बंद केलं. घमेली पोचवणारे हात जागच्या जागी थांबले.

“मावशी, गोणी वाऱ्यानं गेली नाही. माझ्या हातून राहिली. आतल्या कोपऱ्याचा माल कच्चा गेलाय. तो काढावा लागेल, आत्ताच.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. ड्रायव्हर शिडी चढून वर गेला. कोपऱ्यात बोट दाबलं, ते अजून रुतत होतं. त्यानं फावडं उचललं. एक गडी म्हणाला, “यंत्रालाही माणसासारखी चुकायची सवय लागली म्हणायची,” आणि हसत हसत त्याच्या शेजारी येऊन घमेलं भरू लागला. पाहता पाहता सगळेच आले. कोपरा सळयांपर्यंत मोकळा केला, सळया धुतल्या. पुढचे ड्रम ड्रायव्हरनं मावशींना जवळ उभं करून भरले. गोणी फाडली की आधी त्यांना दाखवायचा, मगच ओतायचा. त्या मान हलवायच्या.

ऊन कललं तेव्हा स्लॅब पुरा झाला. मिस्त्री त्याच्याशी न बोलताच निघून गेला. ड्रायव्हर ड्रम धूत होता. मावशी आल्या आणि उरलेल्या खडीवर बसल्या.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही कोणालाही सांगा. मी नाही म्हणणार नाही.”

“आमचे हे मिस्त्रीच होते,” मावशी म्हणाल्या. “एका घराच्या स्लॅबला त्यांच्या हातून अशीच गोणी राहिली. तिथं बोलले नाहीत, मला घरी येऊन सांगितलं. मीच म्हटलं, गप्प बसा, कोणाला कळतंय. स्लॅब धरला. आम्ही विसरून गेलो. पुढं स्थळ चांगलं आलं म्हणून त्याच घरात लेक दिली. दोन वर्षांमागं त्या स्लॅबचा कोपरा खाली आला.”

ड्रायव्हरच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. विचारू नये असं वाटत असूनही त्यानं विचारलं, “तेव्हा घरात कोणी होतं?”

“नात शाळेत गेली होती,” मावशी म्हणाल्या. “लेक घरात होती.”