गाडी सोपवताना

"चालवा तुम्ही. मी बाजूला बसतो," उखर्डूनाना म्हणाले आणि त्यांनी किल्ली ललितच्या हातावर ठेवली.

जळगावच्या डॉक्टर पाचपांड्यांच्या बंगल्यासमोर ती काळी परदेशी गाडी उभी होती. अकरा वर्षांची, पण अंगावर ओरखडा नाही. ती विकत घेताना रावेरच्या ललितची दोन हंगामांची केळी खर्ची पडली होती. आजवर त्याने चालवला होता ट्रॅक्टर, नाहीतर केळी वाहायची पिकअप. नाना पहिल्या दिवसापासून या गाडीवरचे ड्रायव्हर. गाडी रावेरला पोचव आणि नीट समजावून देऊन ये, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

ललितच्या मित्राने, प्रेमराजने, त्याला आधीच सावध केलं होतं. जुना ड्रायव्हर आधी घाबरवतो, मग म्हणतो, मलाच ठेवून घ्या. ललितने मनाशी ठरवलं होतं की सगळं ऐकायचं, चहा पाजायचा आणि नानांना एसटीत बसवून द्यायचं.

नशिराबादपर्यंत नाना बोलायचे थांबलेच नाहीत. चालू केल्यावर अर्धा मिनिट दम घेऊ द्यायचा. लांबून आल्यावर लगेच बंद करायची नाही, मिनिटभर उभ्यानेच चालू ठेवायची. महिना महिना झाकून ठेवायची नाही, बॅटरी बसते. तेल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, हायवेवरच्या दुकानातलं नाही. मळ्यात उंदीर फार, वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट उघडून रोज बघायचं.

"हिला स्प्रिंग नाही. चारी चाकांवर हवेची पिशवी शे," ते म्हणाले; ‘आहे’ला ते खानदेशी ‘शे’ म्हणत. "सकाळी टायर आणि वरचा पत्रा यांच्यात बोटं घालून बघायची. चार गेली पाहिजेत. एकीकडे तीनच गेली तर पिशवी गळतेय, गाडी काढायची नाही. पिवळा दिवा लागला तर आठवड्यात दाखवा. लाल लागला तर जागीच थांबा. आता कोणता लागलाय?"

"कोणताच नाही."

"गरमीचा काटा कोठे शे?"

"मध्यावर."

दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न. ललितला शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटू लागलं. बोलताना नाना त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते, तोंड खिडकीकडे. मोठ्या माणसांकडे काम करून मिजास अंगात भिनली असेल, असं त्याला वाटलं.

भुसावळ मागे पडलं. तापीचा पूल ओलांडल्यावर नाना एकाएकी गप्प झाले. त्यांनी एसी बंद करायला लावला, काच खाली घेतली आणि नाकाने दोनदा हवा ओढली.

"बाजूला घ्या."

"का? काटा मध्यावर आहे, नाना."

"काट्याला कळायला अजून वेळ शे. गोडसर वास येतोय."

ललितने नाइलाजाने एका निंबाखाली गाडी घेतली. बॉनेट उघडलं. आत सगळं स्वच्छ, काळं, बंद. त्याला काहीच दिसलं नाही. नानांनी अर्धा तास गाडी गार होऊ दिली. मग फडकं घेऊन ते जाड रबरी पाइपावरून हात फिरवत गेले. एका सांध्यापाशी थांबले. बोटं ओली झाली होती.

"ही क्लिप ढिली झाली. पेचकस घ्या, तुम्हीच आवळा. तुमच्या हाताला कळू द्या."

ललितने आवळली. डिकीतल्या डब्यातलं कूलंट, इंजिन गार ठेवणारा तोच गोडसर वासाचा द्रव, नानांनी त्याच्याकडूनच टाकीत ओतून घेतलं. साधं पाणी टाकायचं नाही, आणि इंजिन तापलेलं असताना हे झाकण कधीच उघडायचं नाही, तोंडावर उडतं, असं बजावलं. सावदा आलं. असंच दामटलं असतं तर रावेर येण्याआधी इंजिन बसलं असतं, एवढं ललितला कळून चुकलं होतं. दोन हंगामांची केळी एका क्लिपेवर लटकलेली होती. दर दहा मिनिटांनी तो आता न विचारताच काटा सांगू लागला.

घरी ललितच्या बायकोने, कामिनीने, ताटं वाढून ठेवली होती. नाना हळूहळू, ताट चाचपत जेवले. भरीत त्यांना आवडलं. त्यांनी पुन्हा मागून घेतलं.

हात धुऊन सगळे ओट्यावर बसले, तेव्हा ललितने घसा साफ केला. प्रेमराज काय म्हणेल याची त्याला आता फिकीर नव्हती.

"नाना, इथंच राहा. गाडी तुम्हीच चालवा. पगार तुम्ही म्हणाल तो."

नानांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब डोळ्यांचे डॉक्टर शे. दिवाळीनंतर त्यांनीच मला यंत्रासमोर बसवलं. रस्त्याच्या कडा मला दिसतात, भाऊ. मधलं दिसत नाही. समोरून येणारा माणूसही नाही. इलाज नाही, म्हणाले."

कामिनीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी म्हटलं, दुसरा माणूस ठेवा. बठ्ठं, सगळं शिकवतो त्याला. दुसरा नको, म्हणाले साहेब. दुसऱ्या दिवशी गाडीच विकायला काढली."

रस्त्यावरून केळीचा एक ट्रक गेला.  ललित उठला, नानांच्या चपला त्याने त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या आणि म्हणाला, "चला, जळगावला सोडतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी न्यायलाही मीच येईन. चालवायची मी. पगार मात्र तुम्ही घ्यायचा, बाजूला बसून गाडीचं ऐकण्याचा."